सफारी जिप्सीचं पाटे-शॅकल-शॉकचं पूर्ण काम

ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. सफारीच्या जिप्स्यांची मोठी कामं याच तीन महिन्यांत उरकावी लागतात. यंदा त्यातल्या एका जिप्सी किंगचं खालचं सगळं काम आम्ही सुट्या भागांपर्यंत उघडून केलं. पाटा (स्प्रिंगची वाकवलेली पोलादी पट्टी), शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा), बुश (त्या जोडातलं रबरी अस्तर), शॉक, किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि प्रॉपशाफ्ट (ताकद एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा) ही वेगवेगळी कामं नाहीत, हे या गाडीवर फार स्पष्ट दिसलं. म्हणून ते काम ज्या क्रमाने झालं, त्याच क्रमाने इथे मांडतो.

गाडीची तक्रार नेहमीचीच होती. मागून बसली आहे. खड्ड्यात ‘ठक्क’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. ताशी ५०-६० किलोमीटरला स्टेअरिंग जोरात थरथरतं, आणि सरळ डांबरी रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे भरकटते. सोबत चार नवे शॉक खोक्यात आलेच होते, ‘हे बसवून द्या’ म्हणून. पाट्यांच्या गाडीला त्रास झाला की सगळ्यात आधी शॉक विकत घेतले जातात, आणि माझ्या मते शॉक सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. शॉक गाडीचं वजन पेलत नाही. वजन पाटे पेलतात. शॉक फक्त पाट्यांची हालचाल आवरतो. ती हालचाल कुठून कुठपर्यंत होणार हे ठरल्याशिवाय शॉकची लांबी ठरवता येत नाही. म्हणून ती खोकी न उघडता बाजूला ठेवली.

जिम्नी किंवा नव्या थारचा मागचा एक्सल पाहिला तर तिथे कामांची वाटणी झालेली असते. वजन कॉइल स्प्रिंग पेलते. एक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून वेगळे आर्म असतात, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून वेगळा रॉड असतो. जिप्सीत पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आणि पाटे. वजन पेलणं, एक्सलला चारही दिशांनी जागेवर धरणं आणि ब्रेक मारताना किंवा चढावर ताकद लावताना एक्सल स्वतःभोवती पिळू पाहतो तेव्हा त्याला अडवणं, ही तिन्ही कामं एकटा पाट्यांचा संच करतो. त्यामुळे पाट्याची कमान, लांबी किंवा कोन यांत जरा फरक केला, की स्टेअरिंगपासून प्रॉपशाफ्टपर्यंत सगळीकडे त्याचा परिणाम होतो.

पहिलं काम मोजमापाचं, एकही नट न खोलता. सपाट काँक्रीटची फरशी आणि चारही टायरांत सारखी हवा. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. मोजण्याआधी गाडी चारही कोपऱ्यांवर दोन-चार वेळा दाबून सोडायची, कारण पाट्यांच्या एकमेकांवरच्या घर्षणामुळे संच मध्येच कुठेतरी अडकून राहतो आणि १०-१२ मिमीची चूक सहज होते. या गाडीची मागची उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिमी खाली होती.

नंतर भार टाकून पाहिला. त्यासाठी सिमेंटची पोती फार सोयीची. प्रत्येक पोतं ५० किलोचं, वजन करायची गरज नाही. सहा पोती, म्हणजे ३०० किलो, मागच्या एक्सलच्या बरोबर वर रचली. एका बाजूच्या पाट्यांवर त्यातले १५० किलो आले. डावी बाजू ६० मिमी दबली, म्हणजे तिचा ताठपणा मिमीला अडीच किलो. उजवी ७१ मिमी दबली. दोन्ही बाजूंना सारखे पाच-पाच पाटे दिसत होते, तरी उजवी मऊ. तेव्हा तिथला एखादा पाटा तुटलेला असणार हे उघडण्याआधीच कळलं. एवढ्या भारावर डावीकडे एक्सल आणि बंपस्टॉपच्या (एक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेल्या) रबरात १८ मिमी जागा उरत होती आणि उजवीकडे जवळपास काहीच नाही. सफारीत मागच्या उंच बाकांवर सहा पर्यटक बसतात, शिवाय गाइड आणि चालक. म्हणजे ही गाडी रोज बंपस्टॉपवरच चालत होती, आणि ‘ठक्क’ आवाज तिथूनच होता.

त्याच वेळी शॅकलकडे लक्ष गेलं. चारही शॅकल मूळ मापापेक्षा ५० मिमी लांब होते. बसलेली गाडी वर उचलायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, म्हणून तो सर्रास केला जातो. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे ५० मिमी लांबी वाढवली की गाडी वर येते फक्त निम्मी, २५ मिमी. पण पाट्याचं ते टोक मात्र पूर्ण ५० मिमी खाली जातं. पाट्याची दोन डोळ्यांमधली (टोकांच्या गोल वळ्यांमधली) लांबी सुमारे ९०० मिमी धरा. ९०० ला ५० मिमीचा उतार म्हणजे ३ अंशांहून थोडा जास्त. पूर्ण पाटा तेवढा कलतो आणि त्याला घट्ट बांधलेला एक्सलही तेवढाच फिरतो.

जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि मागचं टोक पक्कं. पुढचं टोक खाली गेलं की एक्सल पुढच्या बाजूला कलंडतो, किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, कमी होतो. या गाडीचा मूळ कॅस्टर साडेतीन अंश. त्यातले तीन अंश शॅकलने खाल्ले, तर उरला जेमतेम अर्धा. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात ती कॅस्टरमुळे. तो गेला की गाडी भरकटणारच, मग टायर बदला की स्टेअरिंग बॉक्स घट्ट करा. मागे शॅकल मागच्या टोकाला, त्यामुळे तिथला एक्सल उलटा फिरतो आणि पिनियनचं (प्रॉपशाफ्ट एक्सलमधल्या ज्या गियरला जोडतो त्याचं) तोंड वर होतं. गियर सोडून उतारावर गाडी सोडली की फरशीतून जी बारीक घरघर येत होती, तिचं मूळ इथे होतं.

आता खोलायचं काम. गाडी जॅकवर घेतली, पण घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्या त्या चेसिसखाली, एक्सलखाली नाही. एक्सल मोकळा लटकायला हवा आणि त्याच्याखाली वेगळा ट्रॉली जॅक हवा, म्हणजे तो वर-खाली करता येतो. उरलेल्या दोन चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावली. पाट्यांना एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट सोडायच्या आधी एक्सलचं वजन जॅकवर घ्यायचं; नाहीतर शेवटचा नट निघताच पाट्यांचा संच उसळी मारतो आणि हात तिथेच असतो.

शॅकलचे आणि पक्क्या टोकाचे बोल्ट दोन-तीन पावसाळे न उघडलेल्या गाडीत बुशच्या लोखंडी नळीला गंजून चिकटतात. बोल्टचं डोकं फिरतं, पण त्याच्याबरोबर नळीही फिरते आणि रबर पिळून फाटतं. असा बोल्ट हातोड्याने ठोकत बसू नये. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून ठेवावं, तरीही निघाला नाही तर ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापावा. बोल्ट आणि बुश दोन्ही नवे घालायचेच आहेत. वाचवायचा असतो तो चेसिसचा कान, म्हणजे बोल्ट धरणारी पट्टी. गॅसने तापवू नये. रबर तर जळतंच, पण शेजारच्या पाट्याच्या डोळ्यापर्यंत उष्णता गेली तर त्याचं पाणी (तापवून-थंड करून पोलादाला दिलेला कणखरपणा) उतरतं.

उजव्या मागच्या संचातला वरून चौथा पाटा तुटलेला निघाला. पाटा कुठे तुटला यावरून का तुटला ते कळतं. सेंटर बोल्टच्या (संचाच्या मधोमध सगळे पाटे ओवणाऱ्या बोल्टच्या) भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. घट्ट बांधलेल्या पाट्याचा मधला भाग वाकतच नाही, ढिल्या पाट्याचा वाकतो आणि भोकाजवळ तडा जातो. डोळ्याजवळ मुख्य पाटा तुटला असेल तर बुश जाम झालेला असतो किंवा एक्सल आडवा पिळत असतो. आणि खालच्या छोट्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला जिथे टेकतं, तिथे खाच पडून वरचा तुटला असेल तर कारण अतिभार आणि कोरडं घर्षण. आमच्या हातातला पाटा भोकातून तुटला होता. तडा जुना: निम्म्या भागावर काळपट गंज, उरलेल्या निम्म्यावर चकाकती ताजी मोड. सेंटर बोल्टवर एका बाजूने पायरीसारखी झीज होती, म्हणजे एक्सल पाट्यावर सरकत होता. सेंटर बोल्टचं काम फक्त जागा दाखवण्याचं असतं. एक्सलला धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब. यू-बोल्ट ढिले पडले आणि सगळा धक्का त्या बारीक बोल्टवर आला, की तो झिजतो आणि एक दिवस तुटतो. मग एक्सल तिरका होऊन गाडी रस्त्यावर आडवी धावल्यासारखी दिसते.

चारही संच कमानपाटेवाल्याकडे नेले. इथे घाई करू नये, आणि काय हवं ते मालकाने नेमकं सांगावं. कमान चढवायची ती थंड ठोकून, इंचाइंचाने. भट्टीत किंवा गॅसवर लाल करून वाकवलेला पाटा त्या दिवशी सुंदर दिसतो आणि दोन महिन्यांत पुन्हा बसतो, कारण स्प्रिंगच्या पोलादाची कमान टिकवून धरायची ताकद ज्या पाण्यामुळे असते ते पाणीच उतरलेलं असतं. गरम करायचंच असेल तर नंतर पुन्हा तेलात पाणी देऊन ठरावीक तापमानाला टेंपर करायची सोय हवी, आणि ती रस्त्याकडेच्या दुकानात सहसा नसते. आमच्या कमानपाटेवाल्याने सगळं थंड केलं आणि प्रत्येक पाटा खडूने फरशीवर काढलेल्या रेषेला लावून पाहिला. डाव्या-उजव्या संचांची कमान एकमेकींशी ३ मिमीच्या आत जुळवली.

भार वाढलेला आहे, तेव्हा मागे एक पाटा वाढवायचा हे नक्की होतं. कुठल्या जाडीचा, यावर थोडी चर्चा झाली. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा घेतला तर तो एकटा १.५९ पट ताठ. शिवाय सगळे पाटे एकाच वेळी सारखे वाकतात, आणि सारखं वाकताना जाड पाट्याच्या पोलादावर ताण जास्त येतो. म्हणजे पातळ संचात घुसवलेला जाड पाटाच आधी तुटतो. ‘मजबूत’ म्हणून ट्रकचा पाटा कापून घालतात तो याच कारणाने वर्षभर टिकत नाही. आम्ही सहावा पाटाही ६ मिमीचाच घेतला. पाचाचे सहा झाले, म्हणजे हिशेबाने ताठपणा अडीच किलोवरून तीन किलो, आणि १५० किलोला ५० मिमी दाब. सगळं बसवल्यावर पोती पुन्हा ठेवून मोजलं तेव्हा ५१ मिमी आला.

जोडणीआधी प्रत्येक पाटा वायर ब्रशने घासून, टोकांच्या धारदार कडा ग्राइंडरने गोल करून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर दिला. ग्रीस केवळ गंज थांबवण्यासाठी नाही. कोरड्या, गंजलेल्या पाट्यांचं घर्षण स्वतःच शॉकचं काम करत असतं. लहान खड्ड्यांना असा संच हलतच नाही, सगळा हादरा थेट बाकावर जातो. घर्षण कमी केलं की लहान हादरे पाटे खातात, पण मग उसळी आवरण्याची जबाबदारी पूर्णपणे शॉकवर येते. नव्या, सुटसुटीत पाट्यांवर जुना दमलेला शॉक ठेवला तर गाडी आधीपेक्षा जास्त डोलते आणि दोष पाट्याच्या कामाला दिला जातो. ताडोब्यातल्या कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा पडतात. तिथे हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पाटे एकत्र ठेवणाऱ्या क्लिपा जागेवर हव्यात. एक चाक खाली लटकतं तेव्हा मुख्य पाट्याला बाकीच्यांनी साथ द्यायची असते, ती क्लिपांमुळे मिळते. मात्र क्लिप पाट्यांना आवळून धरणारी नको. दोन्ही बाजूंना एखादा मिमी मोकळी.

शॅकल मूळ मापाचे परत घेतले. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कमान चढवली की पाटा आखूड होतो आणि दबला की लांब होतो. लांबीतला हा फरक शॅकल झुलून सामावून घेतो. मागचा शॅकल जुन्या, बसलेल्या पाट्यावर २४ अंश मागे झुकलेला होता. कमान चढवून बसवल्यावर रिकाम्या गाडीत १० अंशांवर आला. अशाच जिप्स्यांवर काम करून आमचा ठोकताळा असा झालाय, की रिकामी असताना १० ते १५ आणि भरल्यावर ३० अंशांच्या आसपास. शॅकल अगदी उभा किंवा एक्सलकडे आत झुकलेला राहिला, तर पाटा लांब होताना त्याला आधी शॅकलला खाली ढकलावं लागतं आणि गाडी दगडासारखी ताठ लागते. ‘नवी कमान मारली आणि गाडी फार कडक झाली’ ही तक्रार बहुतेक वेळा पाट्याची नसते, शॅकलच्या कोनाची असते. म्हणून कमान किती चढवायची याची मर्यादा शॅकल ठरवतो. याउलट तो फार आडवा झाला, तर पूर्ण भाराला चेसिसवर आपटतो.

बुश रबरीच घातले. पॉलियुरेथेनचे जास्त टिकतात आणि रस्त्यावर स्टेअरिंग नेमकं लागतं, पण दगडांवर एक चाक वर आणि एक खाली जातं तेव्हा पाट्याच्या डोळ्याला आडवं पिळावं लागतं, आणि ते रबराला जास्त सहज जमतं. रबरी बुशचा एक नियम मात्र मोडायचा नाही: डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट हवेत असताना फक्त हाताने लावायचे, आणि शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर उभी करून, दाबून-सोडून झाल्यावर. रबरी बुश सरकत नाही, पिळतो. लटकत्या एक्सलवर आवळला तर गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो, गाडी १०-१५ मिमी उंच दिसते आणि काही महिन्यांत रबर आतून फाटतं.

यू-बोल्ट नवे. जुने ताणलेले असतात. आवळताना टॉर्क येतो पण दाब येत नाही. चारही नट थोडे-थोडे तिरक्या क्रमाने, शेवटी ६० ते ८० न्यूटन-मीटर, आणि नटाखाली चारही आटे सारखे बाहेर. न्यूमॅटिक गनने हे काम करू देऊ नका.

पुढे वळलो. शॅकल मूळ झाल्याने कॅस्टर परत आला, गेजवर ३ अंशांच्या थोडा वर. एक्सल आणि पाट्यात पाचर घालण्याची गरज पडली नाही. पडली असती तर जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असल्याने पाचरीची जाड बाजू पुढे ठेवावी लागते, आणि ती लोखंडीच हवी. अॅल्युमिनियमची दबून चुरगळते. शिवाय कॅस्टर वाढवला की पुढच्या पिनियनचं तोंड तेवढंच खाली जातं आणि प्रॉपशाफ्टच्या क्रॉसवरचा (टोकाच्या वाकत्या जोडावरचा) कोन वाढतो. दोन्ही एकाच वेळी मनासारखं मिळत नाही. फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलच्या दांड्यापासून सोडवणारे) असलेल्या गाडीत पुढचा शाफ्ट डांबरावर फिरतच नाही, तिथे मी बेलाशक कॅस्टरच्या बाजूने निर्णय घेतो.

थरथरीचं कारण मात्र वेगळं होतं. पुढचा एक्सल उचलून चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ होता. हा खेळ चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेकने चाक आणि नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) एक होतात. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आमचा राहिला. नकल फिरवून पाहिलं तर आणखी स्पष्ट झालं: चाक सरळ असताना खेळ, वळवल्यावर घट्ट. उघडल्यावर खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलर जिथे नेहमी बसतात तिथे बारीक खाचा उमटलेल्या दिसल्या, बोटाच्या नखाला लागतील इतक्या. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून हादरे त्याच जागी बसतात. ग्रीस चिखलाच्या रंगाचं झालं होतं, कारण नकलच्या गोळ्यावरचं पुसणारं सील कडक होऊन फाटलं होतं आणि नाल्यातलं पाणी आत जात होतं. दोन्ही बाजूंची वरची-खालची बेअरिंग आणि सीलचा संच बदलला. किंगपिनखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून, सील काढलेल्या अवस्थेत नकलला स्प्रिंगकाटा लावून ओढला. १ ते १.८ किलोला तो हलायला लागायला हवा. आमचा दीड किलोला हलला. स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे हादरे आवरणारा आडवा शॉक) हे सगळं झाल्यावर बसवला. डँपरने थरथर लपते, जात नाही.

ड्रॅग लिंकबद्दल (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणाऱ्या दांड्याबद्दल) थोडं सांगणं गरजेचं आहे, कारण गाडी उंच करायच्या नादात हे विसरलं जातं. तिचं एक टोक पिटमन आर्मला (स्टेअरिंग बॉक्सच्या हलत्या दांडीला), म्हणजे चेसिसच्या बाजूला. दुसरं एक्सलच्या बाजूला. एक्सल वर-खाली होतो तेव्हा ती कंसात फिरते आणि चाकं थोडी वळवते. लिंक ८०० मिमी लांब आणि आडवी सपाट असेल, तर एक्सल ५० मिमी हलल्यावर आडवा फरक फक्त दीड मिमी. तीच लिंक आधीच १०० मिमी उतारात असेल तर त्याच ५० मिमीला फरक ८ मिमी. एवढ्याने प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. म्हणूनच आम्ही या गाडीची उंची मूळपेक्षा वाढवली नाही; भाराला न बसणं एवढंच साधायचं होतं. टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किती आत वळलेली ते) ४ मिमी ठेवला, २ ते ६ ही मर्यादा.

मागे पिनियन आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गियरबॉक्सचं) तोंड यांचे कोन चुंबकी गेजने घेतले. दोन साध्या क्रॉसच्या शाफ्टला हे दोन्ही कोन समांतर लागतात, फरक एका अंशाच्या आत. लांब शॅकल असताना तो साडेतीन होता, आता अर्धा. घरघर गेली. शाफ्टच्या स्लाइडिंग जोडाला एक्सल पूर्ण खाली असताना निदान ४० मिमी स्प्लाइन (दांड्याचा खाचांचा भाग) आत आणि पूर्ण वर असताना थोडी सरकायला जागा, दोन्ही पाहिलं.

आणि मग शॉक. चारही शॉक काढलेल्या अवस्थेत गाडीचं एक पुढचं चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक जॅकने वर घेत गेलो, बंपस्टॉपचं रबर निम्मं दबेपर्यंत. त्या स्थितीत मागच्या शॉकच्या वरच्या-खालच्या जागांमधलं अंतर ३१२ मिमी. मग एक्सल पूर्ण लटकू दिला, ५०५ मिमी. पूर्ण दाबलेला शॉक ३१२ पेक्षा निदान १५ मिमी आखूड हवा आणि पूर्ण ताणलेला ५०५ पेक्षा थोडा लांब. खोक्यातले शॉक आता बाहेर काढले. दाबलेली लांबी ३२५ मिमी! म्हणजे मोठ्या खड्ड्यात बंपस्टॉप पूर्ण लागण्याआधी शॉकच्या दांड्याने तळ गाठला असता आणि गाडीचं सगळं वजन त्याच्या डोळ्यावर आलं असतं. तेल गळणं किंवा चेसिसवरचा कान उखडणं, दोन्हीपैकी काहीतरी नक्की. उंच केलेल्या गाडीसाठीचे शॉक मूळ उंचीच्या गाडीला लावू नयेत ते यासाठी. ते परत करून दाबलेली लांबी २९५ आणि ताणलेली ५१५ असलेले, कमी दाबाच्या नायट्रोजनचे घेतले. लाटांच्या रस्त्यावर साध्या तेलाच्या शॉकमधलं तेल फेसाळतं आणि अर्ध्या तासात तो नुसताच लटकत राहतो. वायूच्या दाबामुळे तो फेस उशिरा होतो.

कोनही बघा. शॉक उभ्यापासून ३० अंश तिरका असेल तर त्याची आवरण्याची ताकद तीन-चतुर्थांशच मिळते, ४५ अंशांना निम्मी. जागा मिळत नाही म्हणून कोणी कान हलवून शॉक आडवा करत असेल, तर हा हिशेब त्याने आधी करावा.

बंपस्टॉप चारही नवे, मूळ उंचीचे. ३०० किलो भाराला आता मागे दोन्हीकडे ५५ मिमी जागा उरते. एक्सल पूर्ण लटकलेला असतानाच ब्रेकचे रबरी पाइप ताणत नाहीत ना, आणि एक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा ये-जा करण्याची) नळी निसटत नाही ना, हे बघून घेतलं. ब्रीदर निसटला तर पहिल्याच नाल्यात गरम एक्सल थंड होताना पाणी आत ओढतो आणि डिफचं (एक्सलमधल्या गियरचं) तेल दुधाळ होतं.

चाचणीला पोती तशीच मागे ठेवून गाडी आधी डांबरावर, मग कच्च्या रस्त्यावर नेली. परत आल्यावर शॉक हाताने चाचपायचे: चारही कोमट हवेत. एखादा थंड असेल तर तो कामच करत नाही. यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरला पुन्हा आवळले, जवळपास पाव फेरा मिळाला. नवे पाटे, नवा रंग आणि ग्रीस बसल्यावर तेवढा मिळतोच. पुन्हा ५०० ला आणि त्यानंतर दर महिन्याला बघायचे आहेत. पाना रोज लावायची गरज नाही. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या पॅडवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारून दिली आहे. रेघ तुटलेली दिसली, किंवा पाटा आणि पॅड यांच्या फटीतून लालसर कोरडी भुकटी बाहेर आलेली दिसली, तर पाटा आत सरकतो आहे असं समजून त्याच दिवशी आवळायचं.